विज्ञान मंडळ सुरू करणं सोपंय हो, पण तुमची बदली झाल्यावर त्याचं काय?

दरवर्षी जुलै महिन्यात कुणा ना कुणा शिक्षक मित्राचा फोन येतो, आमच्या शाळेत विज्ञान मंडळ काढलंय, उद्घाटनाला ये. मी जातो पण. फीत, नारळ, हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून लाल रंग, टाळ्या, बॅनरसमोर फोटो. दोन वर्षांनी त्याच शाळेत काही कामानं गेलो आणि सहज विचारलं की मंडळ कसं चाललंय, तर ऑफिसमधलं कुणीतरी सांगतं, "ते सर होते ना तोवर चाललं होतं, मग त्यांची बदली झाली."

माझं स्वतःचं पण हेच झालंय, म्हणून तर लिहायला बसलो. नोकरीतल्या दुसऱ्या शाळेत मी मंडळ काढलं होतं, चाळीस पोरं, दर शनिवारी धमाल. बदली झाली. चार वर्षांनी त्या गावात लग्नाला गेलो तेव्हा वाटलं बघून यावं. कपाटाची किल्ली कुणाकडेच नव्हती, शिपाई मामांनी शेवटी पकडीनं कुलूप तोडलं. आत टॉर्चमध्येच राहिलेले सेल फुटून हिरवट-पांढरी खपली धरलेली, भिंगांवर बुरशीची जाळी, पट्टीचुंबक नुसते एकात एक टाकलेले म्हणून इतके मरतुकडे झालेले की टाचणी पण उचलेनात (मीच ठेवले होते तसे, दुसऱ्या कुणाला बोलण्यात अर्थ नाही). आणि खाली माझं रजिस्टर. शेवटची नोंद मी कार्यमुक्त झालो त्याच्या आधीच्या शनिवारची. पानं उलटत मागं गेलो तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या नोंदी माझ्याच अक्षरात. चाळीस पोरांचं मंडळ म्हणत होतो मी, आणि त्यात एक ओळ पोराच्या हातची नाही!

तेव्हापासून दोन शाळांमध्ये मंडळ वेगळ्या पद्धतीनं चालवून बघितलं. काय जमलं, काय फसलं ते खाली लिहितोय. मी जिल्हा परिषदेचा, सातवीपर्यंतच्या शाळेवरचा माणूस आहे, त्यामुळे हायस्कूलवाल्यांनी इयत्ता बदलून वाचावं.

आधी शनिवार मोजा

कॅलेंडर घ्या आणि पेन घेऊन बसा. जूनचा दुसरा पंधरवडा प्रवेश, पुस्तकं, गणवेश यातच जातो. ऑगस्टमध्ये सण सुरू होतात, मग गणपती, मग पहिलं सत्र परीक्षा, दिवाळी. डिसेंबर-जानेवारी म्हणजे क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन, सहल, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. मार्चपासून परीक्षेचं वारं. त्यात मधेच सर्वेक्षण, निवडणूक, प्रशिक्षण, ऑनलाइन माहिती आजच संध्याकाळपर्यंत भरा वगैरे. माझ्या हिशोबानं वर्षात हाताशी येतात ते १८ ते २० शनिवार, ते पण नशीब असेल तर. नवीन उत्साहात आपण ४० प्रयोगांची यादी करतो आणि सप्टेंबरला धापा टाकायला लागतो, मग वाईट वाटतं, मग चिडचिड, मग बंद.

म्हणून प्लॅन बारा शनिवारांचाच करायचा. उरलेले मिळाले तर बोनस, त्यात पोरं जे म्हणतील ते. आणि वेळ शाळेच्या वेळातलीच पाहिजे, सकाळच्या शनिवारचे शेवटचे दोन तास. शाळा सुटल्यावर थांबा म्हणलं की लांबच्या वस्तीवरची पोरं आपोआप गळतात आणि मुली तर आधी गळतात, मग मंडळ गावठाणातल्या आठ पोरांचं होऊन बसतं. वेळापत्रकात "विज्ञान मंडळ" असं छापून भिंतीवर लागलं पाहिजे. भिंतीवर असलं की नवीन येणारा शिक्षक पण विचारतो की हा तास कुणाचा.

कागदावर आणा, कंटाळा आला तरी

हे काम रटाळ आहे पण याशिवाय जमत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या की शाळेत कायमस्वरूपी विज्ञान मंडळ असेल, वर्षाला इतकी रक्कम साहित्याला, दोन शिक्षक जबाबदार, आणि वापरात तुटफूट झाली तर ती गृहीत धरली जाईल. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, नीट लिहून घ्या. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यातला एखादा तरी पुढच्या वर्षी "ते विज्ञानाचं काय झालं हो गुरुजी" असं विचारणारा निघतो, आणि तो प्रश्न नवीन मुख्याध्यापकांना आपण पाठवलेल्या दहा मेसेजपेक्षा जास्त लागतो. त्याच कायद्यात शाळा विकास आराखडा आहे, तो तीन वर्षांचा करायचा असतो. त्यात मंडळाची एक ओळ घुसवा. आराखडा तीन वर्षं टिकतो, आपण टिकू का माहीत नाही.

ठरावात नाव व्यक्तीचं घालू नका, पदाचं घाला. "सहावी-सातवीचे विज्ञान विषय शिक्षक आणि आणखी एक शिक्षक" असं. तो आणखी एक शक्यतो विज्ञानाचा नसलेलाच बघा. माझ्याकडे आता मराठी शिकवणाऱ्या मॅडम आहेत, त्यांनी पोरांकडून नोंदी अशा लिहून घेतल्या की मला दहा वर्षांत जमलं नव्हतं. "आज मजा आली" असं लिहिलं की त्या विचारतात, मजा कुणाला आली, कशानं आली, आणि प्रयोग फसला होता ते कुठं लिहिलंस?

पोरांची जोडी लावा

आमच्याकडे सातवी संपली की पोरगं हायस्कूलला जातं. म्हणजे जे सगळ्यात तयार झालंय तेच निघून जाणार, दरवर्षी, न चुकता. शिक्षकाची बदली पाच-सात वर्षांनी होते, पोरांची बदली दर एप्रिलला होते, हे आपण लक्षातच घेत नाही.

उपाय साधा आहे. सातवीतला एक आणि सहावीतला एक अशी जोडी, जूनमध्येच. एक जोडी कपाटाची, एक नोंदवहीची, एक पावसाची (त्याचं पुढे सांगतो), एक पाचवीच्या पोरांना प्रयोग दाखवायची. जानेवारीत चार्ज द्यायचा. चार्ज म्हणजे खरोखरचा, आपण देतो तसा, यादी वाचून, वस्तू मोजून, दोघांच्या सह्या. पोरांना हे फार आवडतं, सही करताना चेहरे बघण्यासारखे असतात. जानेवारीपासून सातवीचा पोरगा फक्त बाजूला उभा राहणार आणि सहावीचा करणार. पहिले दोन शनिवार मोठ्यांचा हात शिवशिवतो, मधे मधे घुसतात, तेव्हा त्यांना पाचवीकडे पाठवून द्यायचं. हायस्कूल असेल तर दहावीला मोकळं सोडा, नववी-आठवीची जोडी लावा आणि चार्ज दिवाळीनंतर लगेच, कारण पुढे सराव परीक्षा आल्या की नववी पण हाताला लागत नाही.

निवड करताना हुशार पोरं गोळा करू नका. पहिल्या मंडळात माझी हीच चूक, पहिले दहा नंबर घेतले. त्यांना स्कॉलरशिप, नवोदय, सगळंच असतं, ती पोरं शनिवारी पण सराव संचच सोडवत असतात. आता कपाटाची जोडी मी मुद्दाम सायकल दुरुस्त करणाऱ्या, घरी मोटर चालू करायला जाणाऱ्या पोरांकडे देतो, पान्हा-पकड कुठं ठेवलीय हे त्यांना बरोबर माहीत असतं.

एक प्रयोग असा पाहिजे जो एका वर्षात संपतच नाही

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ज्वालामुखी, फुगा, लिंबाची बॅटरी हे सगळं छान आहे पण ते त्या शनिवारीच संपतं. पुढच्या पोरांना मागच्यांकडून काही मिळत नाही, दरवर्षी परत शून्यापासून. वर्षानुवर्षं चालणारी एखादी नोंद असली की नवीन बॅचला वही मिळते, आणि वहीत मोकळी पानं असली की ती भरावीशी वाटतात, माणसाचा स्वभावच आहे तो.

आमच्याकडे दोन आहेत. पहिली पावसाची.

दोन लिटरची बाटली घ्या, सरळ भिंतीची, मधे कंबर किंवा नक्षी नसलेली. जिथपर्यंत घेर सारखा आहे तिथं वरून कापा आणि वरचा तुकडा उलटा नरसाळ्यासारखा आत बसवा. तळ उंचसखल असतो म्हणून तळाशी खडे टाका, त्यावर पाणी ओता आणि ते पाणी जिथं येईल तिथं शून्याची रेघ. रेघेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची, वरून पारदर्शक टेप. उघड्यावर, झाडापासून आणि पागोळीपासून लांब, विटांच्या कोंडाळ्यात घट्ट. रोज वाचून झालं की परत रेघेपर्यंत पाणी आणायचं. हवामान खातं पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतं, आपण पण तीच वेळ धरायची म्हणजे पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे एकदा समजलं की पोरं शाळेच्या पत्र्यावर काल रात्री किती पाणी पडलं त्याचा हिशोब करतात. शंभर चौरस मीटरचा पत्रा आणि २० मिलिमीटर पाऊस, म्हणजे दोन हजार लिटर. "सर मग आपण टँकर कशाला मागवतो" हा प्रश्न मी नाही काढलेला, सहावीतल्या पोरीनं काढला.

आता खरी अडचण, रविवार. आणि दुसरा शनिवार, आणि गणपतीची सुट्टी. पहिल्या वर्षी आमच्या वहीत सोमवारी सोमवारी भरमसाट पाऊस पडलेला दिसायचा, कारण तो तीन दिवसांचा साठलेला. मग शाळेच्या भिंतीला लागून ज्यांचं घर आहे अशा पोरांना जोडीत घेतलं. आणि एक नियम केला, वाचन राहिलं तर शून्य लिहायचं नाही, "नोंद नाही" लिहायचं. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, नोंद नाही म्हणजे मी आलो नाही. हा फरक पोरांना समजायला एक पावसाळा लागला, मोठ्या माणसांना अजून समजलेला नाहीये असं काही अहवाल बघून वाटतं, जाऊ दे.

दुसरी नोंद सावलीची. एक मीटरची सरळ काठी मैदानात उभी रोवायची, ओळंबा लावून. साडेअकराला सावलीच्या टोकावर खूण करायची आणि काठीला दोरी बांधून त्या लांबीचं वर्तुळ आखायचं. सावली आधी आखडते, मग लांब होत होत दुपारी परत वर्तुळाला टेकते, ती वेळ लिहायची. दोन्ही वेळांचा बरोबर मध्य म्हणजे आपल्या गावची खरी मध्यान्ह. (सर्वात छोटी सावली नुसती बघून वेळ काढायला जाऊ नका, त्या वेळेला सावली इतकी हळू बदलते की पोरांची भांडणं होतात.) पोरांना वाटतं उत्तर बाराच येणार. आमच्या पुण्याकडे बारा येतच नाही. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावरचं आणि आपण ७४ च्या आसपास, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर साधारण ३५ मिनिटं उशिरा. फेब्रुवारीत पोरांनी केलं तेव्हा साडेअकराची सावली दोन वाजून सहा मिनिटांनी परत टेकली, मध्य आला १२.४८. हे १२.३५ च्या पण पुढं कसं? मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आणि खरं सांगतो, बरं झालं. वार्षिक परीक्षा आली, प्रश्न वहीत तसाच राहिला, "पुढच्यांनी बघावे" असं लिहून. पुढच्या बॅचनं दिवाळीच्या सुट्टीनंतर केलं तर मध्य १२.१९! आता अर्ध्या तासाचा फरक, काठी तीच, मैदान तेच. मग शोधाशोध, पृथ्वीची कक्षा गोल नसून लंबवर्तुळ आहे आणि आस कललेली आहे त्यामुळे सूर्य घड्याळाच्या मागंपुढं होतो वगैरे. पण ते दोन बॅचेसनी मिळून शोधलं, आधीच्या पोरांना हायस्कूलात निरोप गेला.

लांबी पण लिहा. एक मीटरच्या काठीची दुपारची सावली आपल्याकडे २२ डिसेंबरच्या आसपास ९० सेंटिमीटर, २१ मार्चला ३३ च्या आसपास, आणि २१ जूनला ऊन असलं तर जेमतेम ९ आणि ती पण दक्षिणेकडे पडलेली. शून्य सावलीच्या दिवसाच्या (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो दिवस) भरवशावर मात्र मंडळ उभं करू नका. आपल्याकडे तो एकदा मेच्या मध्यात येतो तेव्हा शाळेला सुट्टी, आणि एकदा जुलैच्या शेवटी येतो तेव्हा ढग.

एक व्यवहाराची गोष्ट, शनिवारी शाळा साडेअकराच्या सुमाराला सुटते, म्हणून सावलीचं काम मधल्या वारी, आणि त्या दिवशी बाकीच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवा नाहीतर तासाला पोरं गायब म्हणून बोंब होते.

कपाट आणि डेडस्टॉक

साहित्य कुलपात का राहतं? शिक्षक आळशी म्हणून नाही. डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढलेली वस्तू फुटली की निर्लेखन होईपर्यंत (रीतसर यादीतून कमी होईपर्यंत) ती आपल्या डोक्यावर, चार्ज देताना एक परीक्षानळी कमी भरली तरी प्रश्न. म्हणून सगळे शहाणे लोक कुलूप लावतात. यावर उपाय म्हणजे दोन वेगळ्या याद्या. सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, मल्टिमीटर हे डेडस्टॉकला. बाकी सगळं, म्हणजे फुगे, स्ट्रॉ, सुई नसलेल्या सिरिंजा, सलाईनची नळी, एलईडी, वायर, सेल, लिटमस, मेणबत्त्या, हे संपणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत, आणि तिथं तुटलं-संपलं लिहायला पोरांनाच मुभा. तो तुटफुटीचा ठराव वर सांगितला तो याचसाठी.

वर्षाच्या शेवटी कपाटाच्या जोडीनं करायच्या गोष्टी: सगळे सेल काढून ठेवणं, भिंगं पुसून कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात, पट्टीचुंबक दोन दोन समोरासमोर पण उलटसुलट ध्रुव करून आणि टोकांना लोखंडाचे तुकडे लावून. आम्ल असेल तर ते मोठ्यांच्या ताब्यातल्या वेगळ्या कपाटात, पोरांच्या किल्लीला नाही.

आणि नियम एकच, जी वस्तू गावातल्या दुकानात किंवा आठवड्याच्या बाजारात मिळत नाही त्यावर मंडळ अवलंबून ठेवायचं नाही. अरविंद गुप्तांनी हेच आयुष्यभर दाखवलंय, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबमधून भूमिती, कचऱ्यातून खेळणी. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षं हे काम केलं आणि ते सगळं त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहे, मराठीत पण भरपूर. नवीन शिक्षकाला चार्ज देताना ती लिंक द्या, अर्धं काम होतं.

पैसा

खरं सांगायचं तर पैशाअभावी मेलेलं मंडळ मी कमीच बघितलंय, पैसा आल्यावर मेलेली जास्त बघितलीत. आमचा वर्षाचा खर्च दोन-अडीच हजारात बसतो. सरकारी शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान येतं, त्यातली छोटी रक्कम ठरावानं बाजूला काढता येते. रद्दी विकून थोडं. माजी विद्यार्थी देतात, पण रोख हातात घेऊ नका, शाळेच्या खात्यात आणि पावती. पोरांकडून वर्गणी अजिबात नको, ज्याच्याकडे नाही तो त्या शनिवारपासून येत नाही आणि कारण पण सांगत नाही.

मोठ्या योजना जरूर घ्या, पण पाय जमिनीवर ठेवून. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबला (पोरांनी स्वतः यंत्रं बनवून बघायची शाळेतली प्रयोगशाळा) २० लाखांपर्यंत मिळतात, त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षं चालवायला. लॅब मिळाली तर आनंदच आहे, पण सहाव्या वर्षाचा विचार पहिल्या वर्षी करायचा. थ्रीडी प्रिंटरचं मटेरियल कुठून येणार, सर्किट बोर्ड जळला तर तालुक्यात दुरुस्त कोण करणार, हे विचारल्याशिवाय यंत्र उतरवून घेऊ नका. सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्यांचे लोक, आले की त्यांना पण हेच सांगा, यंत्र एक कमी द्या पण तीन वर्षांचं किरकोळ साहित्य द्या. ते नाक मुरडतात कारण फुग्यांसमोर फोटो चांगला येत नाही.

इन्स्पायर अवॉर्ड मानक या पोरांच्या नव्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेला एका शाळेतून पाच कल्पना पाठवता येतात, निवड झाली की पोराच्या खात्यात १० हजार. पाठवा, नक्की पाठवा. फक्त मंडळ त्या पाच पोरांचं होऊ देऊ नका. तालुका प्रदर्शनाचं पण तसंच, दोन महिने सगळं बाजूला ठेवून एका मॉडेलवर थर्माकोल कापत बसायचं, त्यातलं निम्मं पालकांनी केलेलं, आणि नंबर नाही आला की सगळ्यांची तोंडं उतरलेली. आम्ही आता प्रदर्शनाला पावसाची वहीच घेऊन जातो. नंबर येत नाही. परीक्षक मात्र उभे राहून वाचतात.

बाहेरचा आधार घ्या, पण टेकू म्हणून

मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे, मुंबईत चुनाभट्टीला त्यांचं विज्ञान भवन आणि गावोगावी शाखा, वक्ते आणि कार्यक्रम यासाठी विचारा. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ सालची, हौशी आकाशप्रेमींची देशातली सगळ्यात जुनी संस्था. अशा ठिकाणी पोरांना एकदा घेऊन जाच, कारण तिथं त्यांना दिसतं की पगार नसताना पण माणसं वर्षानुवर्षं हे करतात.

पण सगळा भार बाहेर टाकू नका. केंद्र सरकारच्या विज्ञान प्रसार संस्थेचं विपनेट नावाचं विज्ञान मंडळांचं देशभराचं जाळं होतं, आपल्यातल्या कित्येकांनी नोंदणी करून प्रमाणपत्र ऑफिसात लावलं असेल. २०२३ मध्ये ती संस्थाच बंद झाली. प्रमाणपत्र आहे भिंतीवर अजून. ज्याचा शनिवार स्वतःचा होता त्याला फरक पडायचं कारण नव्हतं. त्याहून मोठं उदाहरण मध्य प्रदेशातलं, होशंगाबाद विज्ञान, १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालं, पोरांनी हातानं प्रयोग करून शिकायचं, पुढे शेकडो शाळांत पसरलं, आणि २००२ मध्ये सरकारनं एका निर्णयानं थांबवलं. तीस वर्षांचं काम! त्यातलं जे छापून, लिहून ठेवलं होतं ते मात्र आजही एकलव्य संस्थेकडे वाचायला मिळतं आणि आपल्यासारखे लोक वापरतात.

गावातली माणसं विसरू नका. आमच्या गावातला वायरमन दोन शनिवार येऊन सिरीज-पॅरलल जोडणी शिकवून गेला, त्यानं दिवाळीच्या माळेतला एक दिवा गुपचूप सैल करून "आता सांगा कोणता गेलाय, टेस्टर न लावता" असं विचारलं आणि पाऊण तास पोरं त्या माळेवर पडलेली. जनावरांचे डॉक्टर, दवाखान्यातल्या लॅबवाल्या ताई, रोपवाटिकावाले, प्रत्येकाला वर्षातून एकच तास मागा. दोन मागितले की पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत.

दोन शिक्षकी शाळांना हे सगळं जमणार नाही, मान्य. त्यांनी केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, तीन-चार शाळा मिळून महिन्यातून एक दिवस ठेवावा, केंद्रप्रमुखांना आधी विश्वासात घेऊन. पावसाची बाटली मात्र दोन शिक्षकी शाळेत पण चालते, बारा पोरं असली तरी.

आता परीक्षा, पोरांची नाही, तुमची

दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवारी मंडळाच्या तासाला जाऊच नका. शाळेत थांबा, दुसरे शिक्षक वर्गाबाहेर राहू देत म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न नको, त्या दिवशी आग-आम्लाचा प्रयोग पण नको. फक्त तुम्ही जायचं नाही आणि काही सांगायचं नाही. पहिल्या वर्षी मी ऑफिसात बसून ऐकत होतो, अर्धा तास नुसता गोंधळ, मग एक जण किल्ली मागायला आला, मग दुसरा आला की आज काय करायचं, मग कबड्डीचा आवाज यायला लागला. वाईट वाटलं, पण कळलं की किल्ली माझ्या खिशात आहे आणि आजचा प्रयोग माझ्या डोक्यात आहे. मग बारा शनिवारांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि किल्ली जोडीकडे दिली. पुढच्या वर्षी परत तेच केलं तर पंधरा मिनिटांनी एक पोरगी येऊन म्हणाली, "सर, आम्ही सुरू केलंय, तुम्ही येणार आहात का?" मी नाही म्हणालो तर म्हणाली, "बरं," आणि गेली. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू.

शेवटी, बदलीची यादी लागायची वाट न बघता दोन पानांचं पत्र लिहून फाइलला लावा, पुढच्या शिक्षकाच्या नावानं. त्यात काय काय: कोणत्या जोड्या आहेत, कोणते प्रयोग आमच्या पोरांना आवडले आणि कोणते फसले, दुकानदार कोण, वायरमनचा नंबर, ठराव कुठल्या तारखेच्या प्रोसिडिंगला आहे, वहीतले कोणते प्रश्न अर्धवट आहेत. फोटो आणि याद्या तुमच्या स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर असतील तर त्या शाळेच्या ईमेलवर हलवा, आणि पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात. व्हॉट्सॲप ग्रुपला दुसऱ्या मॅडमना पण ॲडमिन करा. "मी जसं केलं तसंच करा" असं मात्र लिहू नका, नवीन माणसाला त्याचा राग येतो, मला पण आला असता. त्याला रोबो करायचे असतील तर करू देत, फक्त बाटली आणि काठी हलवू नका एवढी विनंती.

आणि कपाटाची किल्ली कुठं आहे ते लिहा. दोन्ही किल्ल्या.